हळदी-कुंकवाचं बदक

"रविवारी पहाटे उठून कुठं निघालीस?" सासूबाईंनी विचारलं.

"पक्षी बघायला, कासारसाईच्या धरणावर."

त्या हसल्याच. "अगं, पक्षी बघायला धरणावर कशाला जायला हवं? मागच्या दारी चिमण्या-साळुंक्या कमी आहेत का? आणि नाष्ट्याचं काय?"

"नाष्टा आज घरातले करतील. आई, तुम्हीही चला की!"

काय वाटलं कोण जाणे, पण स्वेटर चढवून त्या खरंच निघाल्या. आमच्या जांब्याहून धरण तसं जवळच. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, पाण्यावर धुकं होतं. पंधराएक जण जमले होते. बहुतेक हिंजवडीच्या कंपन्यांमधली मुलं, गळ्यात हे भलेमोठे कॅमेरे. बायका आम्ही तिघीच.

माहिती सांगणारा मुलगा भराभरा इंग्रजी नावं घेत होता. एका बदकाकडे त्यानं बोट दाखवलं, तेव्हा सासूबाईंनी मध्येच विचारलं, "बाळा, आपल्यात काय म्हणतात याला?" तो थबकला, मग म्हणाला, "आजी, याला हळदी-कुंकू बदक म्हणतात." दुर्बिणीतून बघितलं तर खरंच! काळ्या चोचीच्या टोकाला हळद, आणि मुळाशी, कपाळाजवळ, कुंकवाचे दोन ठिपके. पुढे काळाभोर पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. त्याचं नाव वारकरी. सासूबाईंनी नकळत हात जोडले.

मग शेपूट खालीवर हलवत एक धोबी आला. आता मात्र सासूबाई सांगू लागल्या, "हा पावसाळ्यात नसतो. भात निसवायला लागलं की बांधावर दिसतो. उन्हाळा लागला की जातो." मुलानं वही काढून ते लिहून घेतलं. म्हणाला, "आजी, बरोबर आहे. हे पाहुणे हिमालयाकडून, त्याच्याही पलीकडून येतात." चाळीस वर्षं भातलावणी आणि कापणी करताना त्यांनी हे बघितलं होतं. पण आजवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही!

मैत्रिणींनो, मला हेच खटकतं. पक्षी बघणं हा कॅमेरेवाल्या पुरुषांचाच छंद का? कारण साधं आहे. पक्षी दिसतात पहाटे आणि आपली पहाट नळाच्या पाण्यात, डब्यात आणि चहात जाते. त्यातून गेलंच, तर तिथं स्वच्छतागृह नसतं. आमच्यातल्या तिसरीनं त्या धास्तीनं पाणीच प्यायलं नाही. दोष कुणा एकाचा नाही, पण बाईही येईल हे कुणाच्या मनातच नसतं. अशा फेऱ्या काढणाऱ्यांना माझं सांगणं आहे, कधीतरी दुपारी चारला निघा. पक्षी संध्याकाळीही चरायला बाहेर असतात. नावं मराठीतून सांगा आणि स्वच्छतागृहाची सोय आधी बघा.

आपल्यालाही यातून खूप काही मिळतं. सुगरणीचंच घ्या. जन्मभर आपल्याला तिचा दाखला दिला, पण ते सुंदर घरटं विणतो नर! मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच राहते. कमळपक्ष्यात तर अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं बाबांकडेच. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "घरी जाऊन तुझ्या सासऱ्यांना सांग हो!"

गंमत सोडा, पण मुद्दा गंभीर आहे. आमच्या भागात भातखाचरांचे प्लॉट झाले. गावाकडेचं डबकं राडारोडा टाकून बुजवलं जातं आणि आपण म्हणतो, बरं झालं, डास गेले. पण हिमालय ओलांडून आलेल्या पाहुण्यानं उतरायचं कुठं? दाराशी आलेल्याला पाण्याचा तांब्या देणारी आपली रीत ना!

आसामात हरगिला नावाचा मोठा करकोचा आहे. मेलेलं खातो म्हणून लोक त्याला अपशकुनी मानत, त्याची घरट्याची झाडं तोडत. पूर्णिमादेवी बर्मन यांनी गावातल्या हजारो बायकांना त्याच्या रक्षणासाठी उभं केलं. बायकांनी साड्यांवर त्याची नक्षी विणली, विणीच्या काळात चक्क त्याचं डोहाळजेवण केलं. २०२२ मध्ये पूर्णिमादेवींना संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला. डोहाळजेवण काय आपल्याला येत नाही?

मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधले दिवस २०२० पासून आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. त्या आठवड्यात तुमच्या भिशीनं किंवा बचत गटानं जवळच्या तळ्यावर एक फेरी काढावी. घरातल्या म्हातारीला सोबत न्यावं आणि ती सांगेल ते वहीत उतरवावं. तळं कुणी बुजवत असेल तर महिला ग्रामसभेत विचारावं. शहरात असाल तर नगरसेविकेला गाठावं. तळं एकदा डोळ्यांनी बघितलं की विचारायला तोंड आपोआप उघडतं.

आम्ही घरी परतलो तेव्हा पोहे जरा करपले होते, पण झाले होते. आता आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी सासूबाईंच्या अक्षरात एक नोंद असते. परवा लिहिलं होतं, 'दूध दीड लिटर. धोबी दोन.'