लष्कर पायी बघा, आणि एकट्यानं बघा



ग्वाल्हेरच्या आठवणी आपण सगळेच भरभरून लिहितो. वाचून बरं वाटतं. पण एक गोष्ट खटकते, ती स्पष्टच लिहितो, राग मानू नये. पुण्या-इंदूरला स्थायिक झालेली आपली माणसं लग्नकार्याला येतात, गाडी करून किल्ला आणि जयविलास बघतात, बाड्यावर फोटो काढतात आणि म्हणतात, "आता इथं आपलं काही राहिलं नाही हो." माझं म्हणणं इतकंच, की जे राहिलंय ते गाडीतून दिसत नाही. त्यासाठी पायी फिरावं लागतं, तेही एकट्यानं.

शहाणपणा शिकवत नाही. मी स्वतः खासगी बाजारातला. बँकेची सगळी नोकरी घर ते शाखा आणि शाखा ते घर अशी स्कूटरवर झाली. जन्मभर लोकांची खाती तपासली, पण स्वतःच्या पत्त्यातला 'खासगी' हा शब्द कधी तपासला नाही. आपल्या मराठी संस्थानांत दौलतीचा हिशेब वेगळा आणि राजघराण्याच्या खासगीचा वेगळा असे. म्हणजे हा चक्क हिशेबाचा शब्द! मी कॉमर्सचा पदवीधर, आणि मला हे निवृत्तीनंतर सकाळी चालायला लागल्यावर सुचलं.

मग पाट्या वाचायची सवयच लागली. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला आणि त्या तळाचंच लष्कर झालं, हे आपल्याला पाठ असतं. पण तो तळ अजून गल्ल्यांच्या नावांत आहे. निंबालकर की गोठ, बख्शी की गोठ, शीतोले साहब की गोठ. ही गोठ म्हणजे आपला छावणीतला गोट. 'शत्रूच्या गोटात' म्हणतो ना, तोच. फालका बाजार फाळक्यांचा, पाटनकर बाजार पाटणकरांचा. रिक्षावाला तिथं बरोबर नेऊन सोडेल, पण अर्थ सांगणार नाही. खरं दुखणं हे, की आपली मुलंही सांगणार नाहीत.

एकट्यानं का? बरोबर कुणी असलं की आपण आपल्याच गप्पांत राहतो. एकटा म्हातारा पाटीसमोर उभा दिसला की ओट्यावरचा कुणीतरी विचारतोच, "किसके यहाँ जाना है, बाबूजी?" तिथून बोलणं सुरू होतं, आणि मग कुठला वाडा कुणाचा होता, कधी विकला, सगळं बाहेर येतं.

किल्ल्याचंही तेच. गाड्या उरवाई दरवाजानं वर जातात. पूर्वेकडच्या ग्वालियर दरवाजानं पायी चढलात, तर वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, एकाच खडकात कोरलेलं. तिथल्या इसवी सन 876 च्या शिलालेखात 270 हा आकडा शून्यासकट कोरलाय, देवाच्या फुलबागेच्या मापासाठी. शून्य बघायला जगभरातून लोक येतात, आणि आपली गाडी भलत्याच दरवाजानं वर जाते!

कबूल, बाड्यावर दहानंतर चालणं म्हणजे शिक्षा आहे. ई-रिक्षा, हातगाड्या, मधेच एखादा सांड. गुडघेही कुरकुरतात. म्हणून सकाळी सहाला निघावं, दुकानं उघडायच्या आत. तेव्हा जुन्या इमारतींचे वरचे मजले, सज्जे, कोरीव कमानी दिसतात. एरवी नजर दुकानाच्या बोर्डाच्या वर जातच नाही.

मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, तिथं आता तुमचं कोण आहे? इकडे या." त्याचं चूक नाही. घराघरांतली मराठी कमी होतेय, हे मलाही दिसतं. उद्या मीही जाईन कदाचित. म्हणून एक विनंती. पुढच्या खेपेला ग्वाल्हेरला याल तेव्हा एक सकाळ गाडीशिवाय काढा. आपल्या गल्लीत एकटे जा. तिचं नाव का पडलं, घरी काय म्हणत, कुणाचा वाडा होता, हे इथंच लिहा. सत्तरी ओलांडलेल्यांनी तर आजच.

बरीच वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. शिल्लक कुठे जात नाही. फक्त खातेदारानं स्वतः यावं लागतं.