'सर्व्हर डाऊन' म्हणजे नेमके काय?

शहापूर-मुरबाडकडे भातलावणी सोडून दाखल्याला आलेला माणूस 'सर्व्हर डाऊन' ऐकून परत फिरतो. गावोगाव तार नेणारी योजना २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ पासून तिला 'भारतनेट' म्हणतात. पण तार तपासणारा गावात कोण? पुष्कळदा दोष सर्व्हरचा नसतोच. आधी केबल आणि राऊटरचे दिवे पाहावेत. (वीजच गेली असेल तर गोष्ट वेगळी!) संगणकाचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला, तर त्याला राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही. 'पिंग' केल्यावर राऊटर उत्तर देतो, बाहेरचं काहीच देत नाही, तर बिघाड बहुधा पुढच्या लाइनीत. हेल्पडेस्कच्या पहिल्या नोकरीतही हेच लागतं. सरपंचांनी गावातलं एखादं बारावी झालेलं पोर यासाठी हाताशी धरावं.