काच अडली की लगेच मोटर बदलू नका



जुन्या गाडीची काच वर जाईना, की पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, मोटर गेली, नवीन टाकावी लागेल." माझं म्हणणं, हे मान्य करण्याआधी बटण दाबून कान द्या.

मोटर गरगर फिरते पण काच हलत नाही, तर मोटर बहुधा चांगली आहे. आतली तार तुटली किंवा प्लॅस्टिकचा गिअर झिजला. नुसतं 'घूं' होऊन थांबते, तर काच रबरात अडकली असेल. काहीच आवाज नाही, तर आधी फ्यूज, मग बटण. दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतली वायर वाकून वाकून तुटते, तीही बघायला सांगा.

वणीकडे कोळशाची धूळ, इकडे काळ्या मातीची. ती काचेच्या खाचेत बसते आणि मोटर दमते. खाच पुसून, वाळवून सिलिकॉन स्प्रे मारा. खोबरेल तेल नको (हो, घालणाऱ्या आहेत!), त्यावर धूळ जास्तच चिकटते.

पण दुरुस्ती पुढे ढकलू नका. मे महिन्यात यवतमाळात पारा 44-45 वर जातो. काचा बंद असलेल्या गाडीत लेकराला "दोनच मिनिटं" म्हणूनही ठेवू नये. आणि काच सुरू झाली की दुसरा धोका: बहुतेक जुन्या गाड्यांत मध्ये हात आला तरी काच थांबत नाही. मुलं मागे बसली, की चालकापाशी असलेलं काचेचं लॉक लावूनच गाडी काढा.