शिवणाचा दोरा उलगडून पाहा

आपल्या वस्त्यांत कितीतरी माता-भगिनी शिलाई मशीनवर नगामागे पैसे घेऊन काम करतात व संसाराला हातभार लावतात. पण रोज हातात असणारा दोरा कसा बनतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या वेळी आम्ही दोऱ्याचीच माहिती देत आहोत.

कापसाचे तंतू ओढून पीळ दिला की एकेरी सूत होते. अशी दोन सुते जोडून उलट दिशेने पिळली की दुपदरी सूत होते. अशी तीन दुपदरी सुते घेऊन पुन्हा पहिल्या दिशेने पिळली की सहा सुतांचा दोरा तयार होतो. यालाच केबल्ड सूत म्हणतात.

दिशा का बदलायची? घरीच करून पाहा. एका दोऱ्याला भरपूर पीळ द्या, मधोमध दुमडा आणि ढिला सोडा. दोन्ही पदर आपोआप एकमेकांवर उलटे वळतील. एक पीळ सुटू पाहतो तेव्हा दुसरा घट्ट होतो. म्हणून असा दोरा गोल, गुळगुळीत आणि झिजेला टिकणारा होतो. एका सुतात कच्ची जागा असली तरी बाकीची पाच सांभाळून घेतात.

क्रोशाचे चांगले सुती दोरे या पद्धतीचे असतात. मात्र प्रत्येक जादा पिळाचा खर्च किमतीत येतो. रोजच्या शर्ट-परकरांना एकदाच पिळलेला दोन-तीन पदरी पॉलिएस्टरचा दोरा पुरतो.

सूत आपल्या वडीलधाऱ्यांना परके नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत ते सूतकताईच्या खात्यात राबले. जास्त पगाराच्या विणकाम खात्याचे दार मात्र त्यांना बंद होते. धोट्यात नवी कांडी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण कामगारांना त्यात विटाळ दिसे. सूत कातण्याचे कष्ट आपले, पण त्याच सुताला ओठ लावायचा हक्क नाही! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा अन्याय वेशीवर टांगला.

नुसते राबणाऱ्याला दुसरा कोणीही बाजूला सारतो. कामाचे शास्त्र जाणणाऱ्याला सारणे तितके सोपे नसते. म्हणून शिवणवर्गाला जाणाऱ्या मुलींनी कापड कापण्याबरोबर दोऱ्याचा नंबर, पदर आणि पीळही विचारून घ्यावा. दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींच्या पालकांनी वस्त्रोद्योगाच्या अभ्यासक्रमांची चौकशी जरूर करावी.

जयभीम!