विश्लेषण : गुळाचा केक खरेच ‘हेल्दी’ असतो? भाजलेल्या फळांचा पर्याय किती हलका?

मैद्याऐवजी कणीक, साखरेऐवजी गूळ, मग केक खायला हरकत काय? हा युक्तिवाद आता अनेक घरांत ऐकू येतो. मधुमेही आजोबांच्या बशीत दुसरा तुकडा पडतो तो याच भरवशावर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, तर १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. अशा देशात ‘हेल्दी’ हा शब्द जपून वापरायला हवा. गोड सोडायचे नसेल, तर केकमधील साखर बदलत बसण्यापेक्षा फळेच भाजून खाणे हा अधिक प्रामाणिक पर्याय आहे. मात्र त्यालाही काही अटी आहेत.

गूळ किंवा मध घातला की साखर टळते?

नाही. गुळाचा मोठा भाग सुक्रोज म्हणजे साखरच असतो. त्यात लोह आणि इतर खनिजे थोडी असतात, पण चमचा-दोन चमचे गुळातून मिळणारे त्यांचे प्रमाण नगण्य. उष्मांकही साखरेच्या जवळपास तेवढेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मध, पाक आणि फळांचा रस यांतील साखरही ‘मुक्त साखर’ मानली आहे. दिवसभराच्या ऊर्जेपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा अशा साखरेतून मिळावी आणि शक्य असल्यास हे प्रमाण ५ टक्क्यांखाली आणावे, असे ही संघटना सांगते. प्रौढ व्यक्तीसाठी ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सुमारे सहा छोटे चमचे. अख्ख्या फळातील नैसर्गिक साखर मात्र या हिशेबात धरलेली नाही.

मग शून्य उष्मांकाची कृत्रिम साखर वापरावी का? वजन आटोक्यात ठेवण्यासाठी तिचा आधार घेऊ नये, असे याच संघटनेने मे २०२३ मध्ये सुचवले. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ही सूचना लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

फळ भाजल्यावर काय होते?

साखर न घालताही ते अधिक गोड लागते. उष्णतेने फळातील पाणी कमी होते, त्यामुळे आहे तीच साखर दाट होते. पेक्टिन सैल पडल्याने गर मऊ होतो आणि कडा तांबूस झाल्या की कॅरॅमलसारखा स्वाद येतो. दालचिनी, वेलची, जायफळ यांचा वास गोडाशी इतका जोडलेला आहे की त्यानेही गोडी वाढल्यासारखी वाटते. सफरचंदाचा मधला भाग कोरून त्यात अक्रोडाचे तुकडे, चार मनुका आणि दालचिनी भरून १८० अंशांवर अर्धा तास भाजले, की पदार्थ तयार. साल काढू नये, कारण तंतूंचा चांगला वाटा सालीतच असतो. पेरूत १०० ग्रॅममागे सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे सफरचंदाच्या दुप्पट तंतू असतात. तोही फोडी करून छान भाजला जातो. चिकू मुळातच इतका गोड की वरून काही घालावे लागत नाही. फक्त तो घट्टसर असावा.

अननसाचा एक वेगळा फायदा आहे. कच्चा अननस दह्यात घातला, की त्यातील ब्रोमेलिन हे विकर दुधातील प्रथिने फोडते आणि चव कडवट होते. भाजल्यावर हे विकर निष्क्रिय होते. त्यामुळे भाजलेल्या अननसाच्या चकतीबरोबर क्रीमऐवजी बिनसाखरेचा चक्का देता येतो.

हलकेपणा कुठे हरवतो?

वरच्या थरात. फळांवर ओट्सचा कुरकुरीत थर देण्याची पद्धत आता लोकप्रिय आहे. चौघांसाठी ६०० ग्रॅम सफरचंद, ५० ग्रॅम ओट्स, दोन मोठे चमचे कणीक, २० ग्रॅम बदाम-अक्रोड, २० ग्रॅम तूप आणि एक मोठा चमचा गूळ पावडर घेतली, तर माणशी गूळ जेमतेम ३ ग्रॅम होतो. पण उष्मांक माणशी सव्वादोनशेच्या घरात जातात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक या थरातून येतात.

तुलनेसाठी पाउंड केक पाहू. त्यात मैदा, साखर, लोणी आणि अंडी समप्रमाणात असतात. ६० ग्रॅमच्या तुकड्यात साधारण १५ ग्रॅम साखर आणि २४० उष्मांक. म्हणजे उष्मांकांत मोठा फरक नाही. फरक आहे तो साखरेत आणि पोट भरण्यात, कारण तेवढ्याच उष्मांकांत वाडगाभर फळ पोटात जाते. थर निम्मा केला तर उष्मांक दीडशेवर येतात.

दुसरी चूक मिक्सरची. ब्रिटनमधील अधिकृत व्याख्येत फळांची प्युरी केली, की तिच्यातील साखर ‘मुक्त’ धरली जाते. शिजवलेल्या फळांच्या फोडींतील साखर मात्र तशी धरत नाहीत. म्हणून केळ्याच्या लगद्याचा केक आणि भाजलेल्या केळ्याच्या चकत्या यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

ओव्हन नसेल तर?

जाड बुडाची कढई पुरते. तळाला मिठाचा थर, त्यावर तिवई आणि त्यावर फळांचे भांडे ठेवून घट्ट झाकण लावावे आणि मंद आचेवर भाजावे. वरून रंग येत नाही, म्हणून ओट्सचा थर आधी वेगळा परतून घ्यावा. ही पद्धत मराठी स्वयंपाकघराला नवी नाही. कोकणातले काकडीचे धोंडस वर-खाली निखारे ठेवून असेच भाजले जाई. अर्थात त्यात गूळ सढळ हाताने पडतो. पारंपरिक म्हणून ते हलके ठरत नाही.

मधुमेहींनी खावे का?

खाता येते, पण ‘फुकट’ नव्हे. भाजलेल्या सफरचंदातही कर्बोदके असतात, त्यामुळे त्या दिवशीच्या फळाच्या वाट्यातच ते मोजावे लागते. एका वेळी एक छोटे फळ, तेही जेवणावर जादा म्हणून नव्हे, हा साधा नियम उपयोगी पडतो. भाजताना क जीवनसत्त्वाचा काही भाग नष्ट होतो, हेही लक्षात ठेवायला हवे. म्हणून भाजलेले फळ ताज्या फळाची जागा घेऊ शकत नाही. त्याने घ्यायची ती केकची आणि मिठाईची जागा.

मग ‘हेल्दी’ कशाला म्हणायचे?

घरात पदार्थ करण्याचा खरा फायदा हा, की प्रत्येक चमचा करणाऱ्याच्या हातात असतो. साखर आणि गूळ एकाच वजनकाट्यावर मोजले, फळ अख्खे किंवा फोडींतच ठेवले आणि वाढताना वाडगा छोटा घेतला, तर गोडाची हौस भागते. पण गुळाच्या केकवर ‘हेल्दी’ची चिठ्ठी लावून तो आजोबांना आग्रहाने वाढणे ही माया नव्हे, फसगत आहे. त्यापेक्षा त्यात किती गूळ आहे, एवढे त्यांना खरे सांगावे. दुसरा तुकडा घ्यायचा की नाही, हे मग त्यांचे त्यांना ठरवता येईल.