महानगर प्रदेशात माणसं राहतात की सातबारे?

मुंबई-पुणे-नाशिक हा 'सुवर्ण त्रिकोण' आहे, हे वाक्य मी कितीतरी वर्षं ऐकतो आहे. आधी पुढाऱ्यांच्या भाषणात ऐकलं, मग प्लॉटवाल्यांच्या जाहिरातींत वाचलं, आणि आता आमच्या सायखेड्यात चहाच्या टपरीवरही ते ऐकू येतं. रस्ता कुठून जाणार, कुठला पट्टा 'येलो झोन' होणार, गुंठ्याला काय भाव येणार, हे सगळं लोकांना तोंडपाठ असतं. त्रिकोणात राहतं कोण, याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला भांडायचं असेल त्याला सोपं जाईल. महानगर प्रदेश ही कल्पना खोटी नाही. गाव आणि शहर एकमेकांत कधीच गुंतले आहेत. पण आपल्याकडे हा प्रदेश जमीन बघून आखतात, माणसं बघून नाही. आणि ज्याची मोजदाद होत नाही त्याला बोलायलाही मिळत नाही. माझं भांडण एवढ्याचसाठी आहे.

संविधानात महानगर क्षेत्राची व्याख्या आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ती आली. दहा लाख किंवा जास्त लोकसंख्या, एका किंवा अनेक जिल्ह्यांत पसरलेली, आणि त्यात नगरपालिका, पंचायती असं सगळं मिळून राज्यपालांनी अधिसूचित केलेलं क्षेत्र. म्हणजे बघा, व्याख्येची सुरुवात माणसांपासून होते! पुढे त्याच दुरुस्तीत म्हटलंय की अशा क्षेत्राला एक महानगर नियोजन समिती असावी, आणि तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य तिथल्या नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातूनच निवडावेत. जागांची वाटणी कशी? तर शहरी आणि ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात. किती साधा आणि न्याय्य हिशोब आहे.

प्रत्यक्षात आपल्या वाट्याला जास्त काय येतं? तर प्राधिकरण. मुंबईचं १९७५ सालचं, पुण्याचं २०१५ चं, आणि २०१६ च्या अधिनियमाखाली पुढे नाशिकलाही मिळालं. प्राधिकरण म्हणजे आयुक्त, विकास आराखडा, बांधकाम परवानगी आणि शुल्क. यातली कुठलीच गोष्ट वाईट नाही, बेकायदा बांधकामांना कुणीतरी आवर घालायलाच हवा. पण समिती हा लोकांचा हक्क आहे आणि प्राधिकरण ही सरकारची सोय आहे, हा फरक आपण विसरून गेलो आहोत.

माणसं मोजली तर काय दिसतं, ते मुंबईकडे बघून कळेल. मुंबई महानगर प्रदेशात मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे आहेत, आणि ठाणे, पालघर, रायगड यांचे भाग. महापालिकाच नऊ. आता जनगणनेचे आकडे बघा. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३.३८ लाख होती, २०११ मध्ये ती ३०.८५ लाख झाली. कमी झाली! त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला आणि देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला. (पालघर त्यातून वेगळा झाला तो २०१४ मध्ये.) मुंबईच्या कचेऱ्या, दवाखाने, स्वयंपाकघरं ज्यांच्या जिवावर चालतात ती माणसं झोपायला दुसऱ्या जिल्ह्यात जातात. कर एकीकडे, मत दुसरीकडे आणि घाम तिसरीकडे.

नाशिकचा आकडा लहान आहे पण गोष्ट तीच आहे. नाशिक शहर २००१ मध्ये १०.७७ लाखांचं होतं, २०११ मध्ये १४.८६ लाखांचं झालं. जिल्हा ४९.९४ लाखांवरून ६१.०७ लाखांवर गेला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, सिन्नरच्या एमआयडीसीत आमच्या गोदाकाठची पोरं मोटारसायकलवर रोज जातात-येतात. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला नोकरीला जाणारे पासधारक तर सगळ्यांना माहीत आहेत.

पण हे झाले दिसणारे लोक. न दिसणाऱ्यांचं काय?

२०११ च्या जनगणनेत एक प्रश्न होता: कामाचं ठिकाण घरापासून किती अंतरावर आहे आणि तुम्ही कशाने जाता? उत्तम प्रश्न. महानगर प्रदेश कुठवर पसरलाय हे कळायला याहून चांगला प्रश्न नाही. पण तो कुणाला विचारला? फक्त 'इतर कामगारांना'. म्हणजे शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगवाले सोडून बाकीच्यांना. सायखेड्याहून अंबडला जाणाऱ्या कारकुनाचं अंतर सरकारदरबारी नोंदलं गेलं. पेठहून, सुरगाण्याहून पिकअपमध्ये दाटीवाटीने उभं राहून आमच्या द्राक्षबागांत येणाऱ्या बाईला हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. शेतमजुराला प्रवास नसतो, असं जनगणनेचं गृहीतच आहे.

निफाड तालुक्यात या आणि सांगा, छाटणी, विरळणी, डिपिंग, माल काढणी कोण करतं? आम्ही बागाईतदार बांधावर उभे राहून हिशोब करतो, कात्री चालते ती मजुरांच्या टोळीची. यातले कितीतरी लोक हंगामभर बागेतच पाल ठोकून राहतात. नाशिक जिल्ह्यात दर चार माणसांमागे एक आदिवासी आहे, आणि पेठ-सुरगाण्यात तर जवळजवळ सगळीच वस्ती आदिवासींची. 'नाशिकची द्राक्षं' म्हणून जी पेटी परदेशात जाते ती यांच्या हातून भरली जाते. तरी आमच्या तोंडी यांचं नाव काय? 'बाहेरचे लोक'. आपलं पोरगं हिंजवडीत नोकरीला लागलं की ते 'पुण्याला सेटल झालं', आणि सुरगाण्याचा माणूस त्याच जिल्ह्यातून आला तरी तो बाहेरचा! २०२२ च्या अखेरीस सुरगाण्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातेत जाऊ द्या अशी मागणी केली, तेव्हा आपल्याकडे केवढा संताप झाला. संतापण्याआधी विचारायला हवं होतं की आपल्या कुठल्या नकाशात आपण त्यांना जागा दिली होती.

आणि मोजणीचं गणित बघा. २०११ ची गणती ९ ते २८ फेब्रुवारी अशी झाली. फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे द्राक्षकाढणीची ऐन धांदल. माणूस नेहमी राहतो तिथे मोजावा, आणि त्या सगळ्या दिवसांत तो घरी नसेल तर जिथे असेल तिथे मोजावा, असा नियम. कागदावर चोख आहे. पण बागेतल्या पालात डोकावायचं कुणी? त्यांच्या गावी घराला कुलूप, आणि आमच्या गावात ते कुणाच्या यादीत नाहीत. ज्या लोकसंख्येच्या प्रमाणात नियोजन समितीच्या जागा वाटायच्या, तिच्यातूनच जर माणूस निसटला, तर पुढचं सगळं लोकशाहीचं बोलणं पोकळ आहे.

अमेरिकेत महानगर क्षेत्र ठरवताना अख्खे परगणे घेतात, आणि कसोटी सरळ आहे. शेजारच्या परगण्यातले किमान २५ टक्के कामकरी लोक मध्यवर्ती परगण्यात कामाला जात असतील, किंवा तिथल्या किमान २५ टक्के नोकऱ्या मध्यवर्ती भागातून येणाऱ्यांकडे असतील, तर तो परगणा महानगराचा भाग. त्यांचं सगळंच चांगलं असं मी म्हणत नाही. पण निदान रेषा ओढण्याआधी कोण कुठे कामाला जातं एवढं तरी विचारतात. आपण आधी रेषा ओढतो आणि मग प्लॉट पाडतो.

माणसांइतकंच नदीचं. नाशिकचं पाणी आमच्यापर्यंत यायला कुठल्या अधिसूचनेची वाट बघत नाही. गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सुटलं, त्यात शहरातल्या नाल्यांचं पाणी मिसळलं की सायखेडा-चांदोरीला धडकी भरते. २ ऑगस्ट २०१६ चा पूर आणि ४ ऑगस्ट २०१९ चा पूर आमच्या बाजारपेठेतल्या भिंती विसरलेल्या नाहीत. शहराच्या सांडपाण्यावर पोसलेल्या पाणवेली येऊन आमच्या पुलाला अडकतात आणि पाण्याचा फुगवटा आणखी वाढतो. शहराने नदीकाठी किती काँक्रीट ओतावं, सांडपाणी किती साफ करून सोडावं, यात आमच्या सरपंचाला शब्द नको? तो शब्द द्यायला जागा एकच, ती नियोजन समिती.

यावर दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं: ग्रामपंचायतीच्या लोकांना नियोजनातलं काय कळतं? अहो, पूररेषा कागदावर यायच्या कितीतरी आधीपासून पाणी कुठवर येतं हे आमच्या म्हाताऱ्या माणसांना पाठ आहे. नकाशे काढायला तज्ज्ञ घ्या ना, कुणी नको म्हटलंय? निर्णय मात्र ज्याच्या घरात पाणी शिरतं त्याला विचारून घ्या. दुसरं उत्तर आमच्याच गाववाल्यांचं: 'कशाला फाटे फोडता, प्रदेशात आलो की जमिनीला भाव येईल.' येईलही! पण भाव एकदाच येतो, आणि तोही ज्याच्या नावावर सातबारा आहे त्यालाच. पूर दर काही वर्षांनी येतो, आणि बिनजमिनीच्या माणसाला तर फक्त पूरच येतो.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. १६ जून २०२५ ला नव्या गणतीची अधिसूचना निघाली, आणि १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिनांक ठरला. म्हणजे पुन्हा फेब्रुवारी, पुन्हा द्राक्षकाढणी. तेव्हा मागण्या तीनच. कामाच्या ठिकाणाचं अंतर शेतमजुरालाही विचारा आणि ठिकाणाचं नावही लिहून घ्या. हंगामी मजुरांची मोजणी बागेवर, वीटभट्टीवर, पालावर जाऊन करा. आणि महानगर प्रदेशाचा कुठलाही आराखडा निवडून आलेल्या नियोजन समितीसमोर ठेवल्याशिवाय मंजूर करू नका.

यातल्या दुसऱ्या कामाला तर सरकारचीही वाट बघायला नको. बागाईतदार मंडळी, तुमच्या बागेत किती माणसं राहताहेत हे तुम्हाला माहीत असतंच, मजुरी त्यावरच तर देता. गणतीवाला दारात आला की त्याला चहा पाजा, आणि मग हाताला धरून बागेत घेऊन जा.