पहिला तास कोणाचा?

हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट आहे. तेवढ्याने जिल्हा सज्ज झाला असे मानणे भाबडेपणाचे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दिल्लीहून कमांडो येईपर्यंत मुंबईत खिंड लढविली ती तुकाराम ओंबळे यांच्यासारख्या पोलिसांनी, कामा रुग्णालयातील परिचारिकांनी, छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील रेल्वे उद्घोषकाने. लंडनमध्ये ७ जुलै २००५ च्या स्फोटांत ५२ निरपराध माणसे मेली. तेथे न्यायमूर्ती हॅलेट यांनी उघड सुनावणी घेतली, मृतांच्या नातेवाइकांच्या वकिलांना प्रश्न विचारू दिले आणि २०११ च्या अहवालात मदतयंत्रणांच्या उणिवाही नोंदविल्या. आपल्या प्रधान समितीची जाहीर सुनावणी झालीच नाही. बंदुकांना पैसा मिळतो. परिचारिकांच्या कायम नेमणुकांचा विषय निघाला की मात्र सरकारला काटकसर आठवते, ती का?